घोडा, मुलगी आणि मोटार

मोटार ही वस्तू माझ्यासारख्या माणसाच्या दारात शोभत नाही, हे आधीच कबूल करून टाकलेले बरे. तीस-बत्तीस वर्षे मी गोंदियाच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्या साऱ्या काळात एक सायकल आणि पुढे पुढे एक स्कूटर यांवर माझे उत्तम भागले. मोटार आली ती वारसाने. आमचे दादा धान-तांदळाचे व्यापारी. १९९५ साली पुण्याला मर्सिडीज गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि दुसऱ्याच वर्षी, हंगाम बरा गेला म्हणून, दादांनी त्यांतली एक राखी रंगाची ई-२२० दारात आणून उभी केली. तेव्हा आमचा गोंदिया जिल्हासुद्धा झाला नव्हता. तो भंडाऱ्यातून वेगळा निघाला १ मे १९९९ रोजी. म्हणजे ही गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने वडील! दादा गेले, त्यांची मुले परगावी स्थिरावली, आणि जुन्या घरातल्या झोपाळ्याबरोबर नि कपाटांबरोबर ही वडीलधारी गाडीही माझ्याकडे राहायला आली.

गेल्या मे महिन्यात नातवंडांना नवेगावबांधचा तलाव दाखवायला म्हणून आम्ही निघालो. गोरेगाव मागे पडले आणि उष्णतेचा काटा वर चढू लागला. काटा चढताना मी पाहिला होता, हे येथे मुद्दाम सांगतो. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे. वैशाखातले ऊन, रस्त्याला सावली नाही, मागे मुले कुरकुरताहेत. कोहमारा आता आलेच, तिथे झाडाखाली थांबू, असे मनाशी म्हणत मी गाडी तशीच रेटली. कोहमारा आले नाही. आधी मागून पांढरा धूर आला आणि मग पुढून वाफ. पाणी नेणारी एक रबरी नळी तडकली होती. काटा चढताच थांबलो असतो तर काम दोन-चारशे रुपयांत आटोपले असते. गाडीचा दोष काही नव्हता. पुढच्या आठ-दहा किलोमीटरांचा सगळा दोष माझा.

गाडी दोराने ओढत गोंदियाला आणली. आमचे मिस्त्री दादांच्या वेळेपासूनचे. त्यांनी तेलाचे झाकण उघडले, आत बोट फिरवले आणि ते माझ्यापुढे धरले. बोटाला साय लागावी तसे पांढरट, दाट काहीतरी लागले होते.

"हेड गॅस्केट उडालं, सर. पानी ऑइलमंदी उतरलं."

हे गॅस्केट काय असते, ते मला या वयात प्रथम कळले. वाचकांपैकी ज्यांना ठाऊक असेल त्यांनी पुढची दहा वाक्ये सोडून द्यावीत. या इंजिनाचे दोन भाग. खालचा बिडाचा, त्यात चार नळकांडी. वरचा अॅल्युमिनियमचा, त्याला हेड म्हणतात. या दोहोंच्या मध्ये जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचे एक पान असते, भोके पाडलेले. काही भोकांवर पेट्रोलचा भडका, ज्याची आच दोन हजार अंशांच्या वर जाते. शेजारच्या भोकांतून नव्वद अंशांचे पाणी. आणखी शेजारून तेल. अग्नी, पाणी आणि तेल अशी तीन जन्माची वैरे तळहाताएवढ्या जागेत एकमेकांना न भेटता नांदवायची, हे त्या पानाचे काम. त्यात अॅल्युमिनियम तापले की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणजे वरचा शेजारी आणि खालचा शेजारी सतत एकमेकांवर सरकत असतात, आणि मधले पान दोघांनाही धरून असते. इंजिन मर्यादेबाहेर तापले की हेड किंचित वाकते, पानाची पकड सुटते, आणि पाण्याला वाट मिळते. धानाच्या बांधीला खेकडा बीळ पाडतो ना, तसे. वरून धुरा शाबूत दिसतो आणि सकाळी बांधी कोरडी असते.

मिस्त्रींनी दोन मार्ग सांगितले. "ठेवायची असंल तं हेड खोला लागंल, नागपूरला पाठवा लागंल. 80 हजार धरून चाला. विकायचीच असंल तं दवाई टाकून देतो, ऑइल बदलून देतो. महिना-दोन महिने गाडी काही बोलनार नाही."

दवाई म्हणजे रेडिएटरमध्ये ओतायचे एक द्रव्य. अशा द्रव्यांपैकी काहींत सोडियम सिलिकेट असते. ते पाण्याबरोबर फिरते आणि जिथे फट असेल तिथे आचेने घट्ट होऊन बसते. हमरस्त्यावरचे ट्रकवाले गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकून गाव गाठतात, त्याच जातीचा हा उपाय. मिस्त्रींनी तो सांगितला तेव्हा त्यांच्या आवाजात ना लाज होती ना लबाडी. वैद्याने काढा घ्यायचा की शस्त्रक्रिया करायची असे विचारावे, तसे विचारले. निर्णय माझा होता.

चालू स्थितीत त्या गाडीचे दीड लाख येतील असे मी ऐकून होतो. मी म्हणालो, "दवाई टाका."

जूनमध्ये रायपूरचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आला. त्याने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, टायर पाहिले, दाराचा आवाज ऐकला, सीटवरचा चिरलेला चामडा बोटाने दाबला, गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणली. मी ओट्यावर बसून होतो. त्याने इंजिनाबद्दल विचारले नाही आणि मी सांगितले नाही. सौदा मोडला तो दहा हजारांवरून. तो गेल्यावर मला हळहळ वाटली ती पैशांची. दुसरी कोणतीही नव्हे. ही गोष्ट सांगितली नाही तर पुढचे सगळे लिहिणे खोटे होईल.

ऑगस्टमध्ये, रोवणी आटोपत आली असताना, माझा एक जुना विद्यार्थी आला. आमगावकडे त्याचे मंडप-बिछायतीचे काम आहे. तुळशीचे लग्न लागले की सराई सुरू. नवरदेवाच्या वरातीला अशी एक गाडी असली तर हंगामात पैसे वसूल होतील, असा त्याचा हिशोब. घरचे थोडे आणि बायकोच्या बचत गटातले थोडे असे पैसे त्याने उभे केले होते. चहा झाला. मी म्हणालो, "बाहेर उभी आहे, पाहून घे." तो उठलासुद्धा नाही.

"तुमची गाडी आहे, सर. खोलून काय पाहाचं? काही असतं तं तुम्ही सांगितलंच असतं."

आणि त्याने बयाण्याचे 11 हजार रुपये टेबलावर ठेवले. मी ते परत केले नाहीत. आठ दिवसांनी ये, कागदपत्रे तयार ठेवतो, एवढे बोललो.

संध्याकाळी आमच्या एका वकील मित्रांकडे गेलो. गेलो तो विक्रीचे कागद विचारायला. निदान तसे मी स्वतःला सांगितले. सहज विषय निघाल्यासारखे करून विचारले, की विकणाऱ्याने वस्तूचा दोष सांगितला नाही तर कायद्याने ती फसवणूक होते काय? ते हसले आणि कपाटातून १८७२ सालचा कराराचा कायदा काढून सतरावे कलम माझ्यापुढे धरले. नुसते गप्प बसणे म्हणजे फसवणूक नव्हे, असे ते कलम सांगते. मला हायसे वाटले. पण कायदा करणाऱ्यांनी त्याखाली काही उदाहरणे घातली आहेत, आणि ती वाचता वाचता माझा चष्मा खाली आला.

उदाहरण घोड्याचे आहे. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे. तो बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. आता घेणारी त्याची स्वतःची मुलगी आहे, नुकतीच वयात आलेली. तर मात्र सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे असे, की घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असे मी धरून चालेन. आणि विकणारा गप्प राहतो. तिथे ते गप्प राहणे बोलण्यासारखेच झाले.

दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेले ते तिसरे उदाहरण म्हणजे दुपारी माझ्या बैठकीत आमगावच्या पोराने उच्चारलेले वाक्य होते! मी मित्रांना सगळे सांगून टाकले. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर त्या घोडेवाल्याच्याही पुढे गेलात. तो नुसता गप्प बसला होता. तुम्ही घोड्याला अफू चारून उभा केला आहे. जाणूनबुजून दोष झाकणे याच कलमात वेगळे घातले आहे, आणि त्याला फसवणूकच म्हटले आहे."

म्हणजे कायद्याचा प्रश्न तिथेच मिटला. परंतु घरी परतताना, आणि नंतर रात्रभर, माझ्या डोक्यात राहिली ती दुसऱ्या उदाहरणातली मुलगी. तिच्या बाबतीत घोडा तोच, खोड तीच, किंमतही तीच. फक्त घेणारी आपली आहे, आणि तेवढ्याने गप्प बसण्याचा रंग पालटतो. मग जो आपला नाही त्याला खोडीचा घोडा चालेल, असेच ना? कायद्याला दोष देत नाही. त्याला बाजार चालवायचा आहे, आणि बाजारात प्रत्येकजण प्रत्येकाची मुलगी होऊ लागला तर न्यायाधीशांना जेवायला सवड मिळणार नाही. पण मी काही न्यायाधीश नव्हतो. मी दोन गिऱ्हाइके पाहिली होती. एकाला मी परका समजलो आणि ओट्यावर निवांत बसून राहिलो; दुसरा माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत असे, म्हणून मला झोप येईना.

इतिहास शिकवण्याचा एक तोटा असा, की आपली लाज आपल्या आधी कुणाकुणाला वाटली होती ते आठवत राहते. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात हाच तंटा आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक भला व्यापारी धान्याचे गलबत घेऊन पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते सांगावे आणि भाव पाडावा, की गप्प बसून चढा भाव घ्यावा? गोंदियाच्या धान बाजारात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. दुसरे उदाहरण घराचे: घर रोगट आहे, लाकूड किडलेले आहे, झोपण्याच्या खोल्यांतून साप निघतात, आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. यावर गुरू आणि शिष्य एकमेकांविरुद्ध उभे राहतात. गुरू डायोजिनीस म्हणतो, कायदा सांगेल तेवढे सांगावे, बाकी खोटे बोलू नये म्हणजे झाले. आपल्याच मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता कुणी पाहिला आहे काय? शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणाऱ्याला अथेन्समध्ये जाहीर शाप देत. तू तर त्याला जाणूनबुजून आडवाटेला सोडतो आहेस. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने आहे.

मला गुरूचे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटत नाही, कारण ते मी दादांच्या तोंडून ऐकलेले आहे. दादा म्हणत, घेणाऱ्याला देवाने डोळे दिले आहेत आणि बाजाराने परखी दिली आहे. पोत्यात खुपसून आतले दाणे बाहेर काढायची ती लोखंडी, टोकदार परखी. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि पोटात हलका, असे कुणी केले तर परखी सांगते. मग विकणाऱ्याने प्रत्येक दाण्याची कुंडली का मांडावी? माझ्या गाडीची सीट फाटली आहे, एका दारावर पोचा आहे, हे रायपूरच्या माणसाने पाहिले आणि किमतीत धरले. ते मी तोंडाने सांगायलाच हवे होते असे मला आजही वाटत नाही. पण गॅस्केटपर्यंत कोणती परखी पोचते? ते पाहायचे तर हेड उतरवावे लागते, आणि दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचे हेड कोण उतरवू देईल? जिथे त्याची परखी पोचत नाही आणि माझी नजर पोचली आहे, तिथे त्याचे डोळे मीच झालो. दादांच्या न्यायानेही मला एवढे कबूल करावे लागले. शिवाय मी दवाई टाकून पोत्याचे तोंडच शिवून टाकले होते.

राहिला प्रश्न रायपूरच्या माणसाचा. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला जाजली नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतात. हा इतका निश्चल उभा राहिला, की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिल्ले उडून गेली. जाजलीला वाटले, धर्म तो हाच. तेव्हा आकाशवाणी झाली, की काशीच्या तुलाधार वाण्याची तुला सर नाही. जाजली चिडून काशीला गेला, तर तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. त्याने सांगितलेला धर्म मोठा असला तरी त्याचा गाभा एवढाच: माझा तराजू सगळ्यांना सारखा आहे. लहानपणी मला ही गोष्ट वजनमापाची वाटे. पासंग मारू नये, एवढाच तिचा अर्थ मी वर्गातही सांगितला. त्या रात्री वाटले, पासंग दोन तऱ्हांचा असतो. एक तराजूच्या दांडीला बांधलेला, आणि दुसरा हा आपला, तो परका, असे म्हणत मनात बांधलेला. पहिल्यापासून मी जन्मभर दूर राहिलो. दुसरा माझ्या मनात इतका जुना होता, की तो पासंग आहे हेच मला कधी दिसले नव्हते.

असो. सकाळी मी आमगावला फोन केला आणि सगळे सांगितले: काटा, गॅस्केट, दवाई. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग तो म्हणाला, "बरं झालं सांगितलं, सर." त्यात आभार किती आणि धक्का किती, हे मला आवाजावरून ओळखता आले नाही. दुपारी माणूस पाठवून त्याने बयाणा परत नेला.

सौ.चे म्हणणे, आता 80 हजार घालून दीड लाखांची वस्तू दुरुस्त करणे हे शहाण्याचे लक्षण नव्हे, भंगारात द्यावी. तिचा हिशोब चुकीचा नव्हता. पण मीच बिघडवलेली दादांची गाडी भंगारात घालायला मन धजेना. मिस्त्रींना म्हटले, खोला. त्यांनी खोलली, आणि पहिली बातमी ही, की दवाईने रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवून टाकल्या आहेत. तो नवा घालावा लागेल. माझ्या गप्प बसण्याचे ते वेगळे बिल झाले.

मग चार दिवस मी त्या शेडमध्ये स्टुलावर बसून होतो. शाळेत तपासणीला येणारे अधिकारी बसत, तसा. हेड उतरले. मिस्त्रींनी त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि फटीत पातळ पातळ पात्या सरकवून पाहिल्या; केसाच्या जाडीएवढा वाक निघाला. तेवढ्यासाठी हेड नागपूरला गेले आणि तासून सपाट होऊन आले. इकडे त्यांनी खालच्या भागावरचे जुन्या पानाचे अवशेष खरवडून काढले, कुठे ओरखडा उठू नये म्हणून हलक्या हाताने, तास-दीड तास. पूर्वीची पाने तांब्याच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस घालून केलेली असत. मिस्त्रींचे उस्ताद ती खरवडून धूळ तोंडाने फुंकून उडवीत. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. ही आठवण मिस्त्रींनी सांगितली तीही काम न थांबवता.

नवे पान बसवले, वर हेड ठेवले, आणि मिस्त्री एकदम थांबले. त्यांनी हेड पुन्हा उचलून बाजूला ठेवले. पानाच्या कडेला वाळूचा एक कण होता की नव्हता, मला तर दिसला नाही. त्यांनी कापडाने पुसले, बोटाने चाचपले, पुन्हा पुसले. मग बोल्ट. ते एका टोकाकडून आवळत जायचे नसतात. मधले आधी, मग त्यांच्या दोन्ही बाजूंचे, असे बाहेर बाहेर जायचे. आणि एका दमात नाही. सगळे ठरलेल्या जोरापर्यंत आवळून झाले की प्रत्येक आणखी नव्वद अंश फिरवायचा, आणि ती फेरी संपली की पुन्हा नव्वद. एकालाच आधी पक्के केले तर हेड तिथेच तिरपे बसते. मी विचारले, मिस्त्री, विकायची म्हटले असते तर एवढे केले असते का? ते पान्यावरून नजर न काढता म्हणाले, "विकायची म्हटलं तेव्हा दवाई टाकलीच ना, सर. तुम्ही म्हटलं ते केलं." मी पुढे काही विचारले नाही.

गाडी सुरू झाली. मागे धूर नाही, काटा मध्यावर स्थिर. मी आमगावला निरोप दिला, की आता गाडी खरोखर चांगली आहे, आणि किंमत पहिलीच.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी तो आला. या वेळी एकटा नव्हता. आमगावचा एक मिस्त्री बरोबर आणला होता. नमस्कार केला, चहाला नको म्हणाला, आणि थोडा अवघडून, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सर, बोनेट खोलता काय?"

मी किल्ली घेऊन उठलो. त्यांच्या मिस्त्रीने रेडिएटरचे झाकण काढून पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिले, चालत्या इंजिनाशी कान नेला, मग इंजिन बंद करून तेलाचे झाकण उघडले आणि आत बोट घातले. बाहेर काढलेले बोट त्याने उन्हात धरले. आम्ही तिघेही त्या बोटाकडे पाहत उभे होतो.